कोपरी गावाचे तोंड कुणीकडे?

घर बांधायला काढले म्हणजे माणूस पहिल्याप्रथम काय बघतो? दार कुणीकडे करायचे, ते बघतो. दार जिकडे, तिकडे अंगण. तिकडेच सडा पडतो, रांगोळी निघते, तुळस लागते. पाहुणाही तिकडूनच येतो. आणि घराच्या मागे काय असते? मोरीचे पाणी जाते, उकिरडा असतो. मागच्या बाजूला कोणी फारसे बघत नाही.

गावाचेही असेच असते, बरं का! गावाला तोंड असते आणि पाठही असते. ज्या वाटेने माणसे येतात, माल येतो, पैसा येतो, तिकडे गावाचे तोंड. बाकीच्या बाजूला पाठ.

आम्ही शाळेत भूगोल शिकवीत होतो, तेव्हा मुलांना विचारीत असू, "सांगा पाहू, तुमच्या गावाचे तोंड कुणीकडे?" मुले आधी हसत. मग विचारात पडत. तोच प्रश्न आज आम्ही तुमच्यापुढे ठेवीत आहोत. त्यासाठी एक गाव निवडले आहे. ते म्हणजे ठाण्याचे कोपरी. गाव तसे लहान. पण या गावाने आपले तोंड एकदा नव्हे, दोनदा फिरविले. ते का फिरविले, त्यात कोणाचे भले झाले आणि कोणाला झीज सोसावी लागली, ते आपण सावकाश पाहू.

कोपरी आहे कुठे?

मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या आगगाडीत बसा. सुमारे ३४ किलोमीटर गेले की ठाणे स्टेशन लागते. स्टेशनातून पश्चिमेच्या अंगाला उतरलात, तर ठाण्याची जुनी पेठ लागते. मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वराचे देऊळ त्याच बाजूला आहे. पूर्वेच्या अंगाला उतरलात, तर तुम्ही कोपरीत आलात. म्हणून कोपरीला लोक 'ठाणे पूर्व' असेही म्हणतात.

आता एक काडी घ्या आणि मातीत नकाशा काढा. नकाशा काढणे अवघड नाही. एक उभी रेघ ओढा. ही आगगाडीची वाट. तिच्या उजव्या हाताला, थोडी जागा सोडून, दुसरी वाकडीतिकडी रेघ ओढा. ही ठाण्याची खाडी. दोन रेघांच्या मध्ये जी पट्टी राहिली, ती कोपरी. वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, रूळ वळतात आणि पुलावरून खाडी ओलांडून कळव्याला जातात. खालच्या अंगाने, म्हणजे दक्षिणेकडून, मुंबईचा मोठा रस्ता येतो. तो कोपरीच्या कडेने जातो आणि पुलावरून रूळ ओलांडून पश्चिमेला निघून जातो.

झाला नकाशा. आता त्याच्याकडे नीट बघा. काय दिसते? एका बाजूला पाणी, एका बाजूला रूळ, एका बाजूला हमरस्ता. कोपरीच्या माणसाला कुठेही जायचे झाले, तरी काहीतरी ओलांडावेच लागते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढची सगळी हकिगत हिच्यावरच उभी आहे.

खाडी म्हणजे काय?

देशावरच्या वाचकांनी खाडी पाहिलेली नसेल. त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो.

नदीचे गोडे पाणी वरून खाली येते. समुद्राचे खारे पाणी खालून आत शिरते. दोन्ही जिथे मिसळतात, तो पाण्याचा पट्टा म्हणजे खाडी. आपली उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, बदलापूर अशी गावे घेत ती कल्याणला येते. तिथून पुढे तिची खाडी होते. ठाण्याजवळ तिला दोन फाटे फुटतात. मोठा फाटा पश्चिमेला वसईकडे जाऊन समुद्राला मिळतो. लहान फाटा दक्षिणेला वळून मुंबईच्या बंदराकडे जातो. हा दुसरा फाटा म्हणजेच ठाण्याची खाडी. कोपरी तिच्या पश्चिम काठावर आहे. समोर, पाण्यापलीकडे, पारसिकचा डोंगर दिसतो.

दोन्ही फाटे आणि समुद्र यांच्या मध्ये जी जमीन आहे, तिला साष्टी म्हणतात. जुन्या काळी तिथे सहासष्ट गावे होती, म्हणून साष्टी, असे सांगतात. साष्टी हे खरे म्हणजे बेट आहे. आज इतके पूल झाले आहेत की, आपण बेटावर राहतो हे तिथल्या माणसाच्याही ध्यानात येत नाही.

खाडीचे पाणी एका जागी राहत नाही. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. भरतीची वेळही रोज सारखी नसते. ती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी फार चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, त्याला भांग म्हणतात. कोळ्याच्या पोराला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आभाळातला चंद्र हेच त्याचे पंचांग.

पाण्याची वाट

पूर्वी पक्के रस्ते थोडे होते. बैलगाडी चिखलात रुतायची. ओझे जड असेल तर होडीसारखे वाहन नाही. जे ओझे ओढायला अनेक बैल लागत, ते एक गलबत वाऱ्यावर घेऊन जाई. म्हणून त्या काळी खाडी हीच हमरस्ता होती. ठाणे, कल्याण, वसई ही तिन्ही गावे मोठी झाली, ती पाण्याच्या वाटेवर होती म्हणून.

ठाणे किती जुने आहे? याचा लेखी पुरावा आहे. इ. स. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू होते. तेव्हा मातीत तांब्याचे कोरलेले पत्रे सापडले. अशा पत्र्यांना ताम्रपट म्हणतात. जुने राजे जमीन दान देत, तेव्हा ती तांब्यावर कोरून देत. कागद फाटतो, तांबे टिकते. हा ताम्रपट शिलाहार घराण्यातला राजा अरिकेसरी याचा होता. त्याचे साल आहे इ. स. १०१७. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा दस्तऐवज! उत्तर कोकणच्या या शिलाहार राजांची राजधानी ठाण्याला होती. तेव्हा ठाण्याला 'श्रीस्थानक' म्हणत.

बघा, लिहून ठेवण्याचा उपयोग किती! तो राजा गेला, त्याचा वाडा गेला. पण चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणून आज आपल्याला त्याचे नाव कळते.

पुढे पोर्तुगीज आले. तेही पाण्यानेच आले. त्यांनी १७३० साली ठाण्याला खाडीजवळ किल्ला बांधायला घेतला. कशासाठी? खाडीतून जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवर नजर राहावी म्हणून. पण किल्ला पुरा होण्याआधीच, १७३७ साली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. १७७४ साली तो इंग्रजांनी जिंकला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तीन तरुण क्रांतिकारकांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिले. आजही तिथे तुरुंगच आहे.

मिठाचे बंदर

आता कोपरीत येऊ. कोपरीत एक रस्ता आहे. त्याचे नाव 'मीठबंदर रस्ता'. गावातली जुनी नावे म्हणजे गावाचा इतिहासच असतो. तो वाचता आला पाहिजे. 'मीठबंदर' या नावात दोन शब्द आहेत. इथे बंदर होते, आणि तिथे मिठाची चढउतार होत असे.

खाडीच्या काठी सपाट खारी जमीन असते. तिला खाजण म्हणतात. खाजणात बांध घालून उथळ वाफे करतात. भरतीचे पाणी आत घेतात आणि कोंडून ठेवतात. उन्हाने पाणी आटत जाते. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे ते फिरवितात. पाणी अधिकाधिक खारट होते. शेवटी तळाशी पांढरे दाणे धरतात. तेच मीठ. ते ओढून ढीग लावतात. हे काम पावसाळा संपल्यावर सुरू होते आणि पुन्हा पाऊस येईपर्यंत चालते. याला मिठागर किंवा नुसते आगर म्हणतात. या भागात आगरी समाज मोठा आहे. त्यांचे आगराशी नाते त्यांच्या नावातच दिसते.

मीठ भरून होड्या निघत. मासळी येई, जळाऊ लाकूड येई, धान्य येई. शेजारीच चेंदणीचा कोळीवाडा. कोळ्यांच्या होड्या बंदराला लागत. बोईट, कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या यांनी टोपल्या भरत.

तर मग, त्या काळी गावाचे तोंड कुणीकडे होते? उघड आहे. खाडीकडे, पूर्वेकडे होते.

आगगाडी आली

वाफेच्या बळावर गाडी ओढायची युक्ती प्रथम इंग्लंडात निघाली. तिथे १८२५ साली सर्वांसाठी पहिली आगगाडी चालू झाली. मग आपल्याकडे हालचाल सुरू झाली. मुंबईचे नाना शंकरशेट यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली. नाना मूळचे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे. रुळांच्या कामाला ३१ ऑक्टोबर १८५० रोजी सुरुवात झाली.

१६ एप्रिल १८५३ हा दिवस. मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी निघाली. तिला चौदा डबे होते आणि सुमारे चारशे माणसे बसली होती. गाडी ओढायला तीन इंजिने होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. निघताना एकवीस तोफा उडाल्या. ही गाडी कुठे आली? ठाण्याला! हिंदुस्थानातल्या पहिल्या प्रवासी गाडीचे शेवटचे स्टेशन म्हणजे आपले ठाणे. जपानसारख्या पुढारलेल्या देशात पहिली आगगाडी १८७२ साली धावली. म्हणजे ठाण्याच्या मागून एकोणीस वर्षांनी.

पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला पोचली. आणखी पुढे, १९१६ साली, पारसिकच्या डोंगरातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा तयार झाला. मग जलद गाड्यांना सरळ वाट मिळाली.

आगगाडीने काय बदलले? पहिली गोष्ट म्हणजे वेळ. होडीला भरती बघावी लागे, वारा बघावा लागे. वारा पडला की माणूस तिथेच अडकला. गाडीला वारा नको, भरती नको. तिला फक्त घड्याळ पाहिजे. चंद्राकडे बघून निघणारा माणूस आता घड्याळाकडे बघून निघू लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे माल. व्यापारी लोक हिशेबी असतात. लवकर आणि बिनधोक जिकडून माल पोचेल, तिकडे ते वळतात. माल रुळांवर गेला. बंदरे हळूहळू ओस पडत गेली. असे एका दिवसात झाले नाही. पण झाले खरे.

तिसरी गोष्ट म्हणजे जमीन. रूळ घातले ते चेंदणी कोळीवाड्याच्या मधून. एका कोळीवाड्याचे दोन झाले. एक रुळांच्या पूर्वेला, एक पश्चिमेला. भाऊबंद तेच, देव तेच, पण मधून गाडी जाऊ लागली.

आणि कोपरीने तोंड फिरविले. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे झाले. खाडीकडून स्टेशनाकडे झाले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्या गावातून रूळ जातात, तिथली माणसे वळसा वाचविण्यासाठी रूळ ओलांडतात. "रोजचेच आहे, काही होत नाही," असे म्हणतात. आम्ही आमच्या शाळेत एका वर्षी दोन रिकामे बाक पाहिले आहेत. दोघे भाऊ होते. शाळेत लवकर पोचावे म्हणून त्यांनी जवळची वाट धरली. पूल चढायला पाच मिनिटे लागतात. तेवढी पाच मिनिटे आयुष्याहून मोठी नाहीत. म्हणून पुलावरूनच जा, आणि मुलांनाही पुलावरूनच न्या.

नवे शेजारी

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, आणि त्याच वेळी फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तिथले लाखो सिंधी लोक घरदार सोडून इकडे आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत पुष्कळ लोकांना जागा दिली. त्याचेच पुढे उल्हासनगर झाले. काही कुटुंबे कोपरीत आली. त्यांची वस्ती ती कोपरी कॉलनी.

हातात काही नसताना या लोकांनी लहानसहान धंदे सुरू केले. कोणी कापड विकले, कोणी खाण्याचे जिन्नस विकले. पुढे त्यांची दुकाने झाली. कोळी, आगरी, सिंधी आणि कामासाठी कोकणातून व घाटावरून आलेली माणसे, अशी सारी एकाच पट्टीत राहू लागली. गावठाणाभोवती चाळी आल्या. चाळींच्या जागी इमारती आल्या. कारण एकच. स्टेशन पायाशी होते. सकाळी मुंबईला कामाला जावे आणि रात्री घरी यावे, हे जमत होते.

ठाण्याची नगरपालिका जुनी, १८६३ सालची. १ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. कोपरीचा कारभारही तिच्याकडेच आहे.

सडक आणि पूल

आता तिसरी वाट पाहू. मुंबईतल्या शीव भागातून निघून ठाण्याला येणारा मोठा रस्ता आहे. त्याला पूर्व द्रुतगती महामार्ग म्हणतात. द्रुतगती म्हणजे भरभर जाण्याचा. हा कोपरीच्या कडेने जातो. पुढे नाशिककडे आणि घोडबंदरकडे जाणारी वाहने याच वाटेने जातात.

मुंबईच्या हद्दीवर आनंदनगरचा नाका आहे. तिथे पूर्वी मालावर जकात घेत. १ जुलै २०१७ पासून देशात नवी करपद्धत आली आणि मुंबईची जकात बंद झाली. नाक्यावर वाहनांना टोल पडत असे. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना तो माफ झाला. जकात गेली तरी लोक 'जकात नाका' म्हणतातच. मीठबंदरासारखेच हे नाव. वस्तू जाते, नाव राहते.

या रस्त्याला रूळ ओलांडावे लागतात. त्यासाठी कोपरीचा पूल आहे. जुना पूल अरुंद होता, आणि दोन्ही बाजूंचा रस्ता रुंद होता. घागर पालथी केली म्हणजे काय होते? पोट मोठे, तोंड लहान, म्हणून पाणी गुडगुड करीत अडकत बाहेर येते. वाहनांचे तसेच होई. पुलाच्या तोंडाशी रोज रांगा लागत. आजारी माणसाची गाडीही त्यातच अडके. शेवटी पूल रुंद करायचे ठरले. खाली गाड्या चालू, वर वाहने चालू, अशा अवस्थेत काम करायचे होते. म्हणून आधी दोन बाजूंना नवे पूल बांधले. ते २०२१ साली खुले झाले. मग मधला जुना पूल काढून नवा घातला. सगळे काम २०२३ च्या फेब्रुवारीत पुरे झाले.

खाडीपलीकडे जायच्या वाटाही वाढल्या. १९९९ साली मुलुंड आणि ऐरोली यांच्यामध्ये खाडीवर पूल झाला. ९ नोव्हेंबर २००४ पासून ठाण्याहून वाशीला थेट आगगाडी सुरू झाली. ही गाडी कोपरीच्या अंगाच्या फलाटांवर, म्हणजे नऊ आणि दहा क्रमांकांच्या फलाटांवर मिळते. पूर्वी होडीने ओलांडायची खाडी आता गाडी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओलांडते.

फलाटावर एक दिव्यांची पाटी असते. तिच्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात : गाडी कुठे जाणार, किती वाजता सुटणार, धीमी की जलद, आणि डबे किती. पाटीवरची अक्षरे बदलत राहतात. कधी मराठी, कधी हिंदी, कधी इंग्रजी. तुम्हाला आता मराठी वाचता येते. जरा थांबा, मराठी अक्षरे येऊ द्या, आणि स्वतः वाचा. जलद गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही. न वाचता चढलेला माणूस आपल्या गावावरून पुढे निघून जातो, आणि मग परतीचे भाडे भरतो.

असे कोपरीचे तोंड पुन्हा फिरले. आधी खाडीकडे होते, मग स्टेशनाकडे झाले, आणि आता ते निम्मे स्टेशनाकडे आणि निम्मे हमरस्त्याकडे आहे.

पाठीमागे काय राहिले?

आम्ही सुरुवातीला म्हटले होते, घराच्या मागे उकिरडा असतो. कोपरीची पाठ आता खाडीकडे झाली. मग खाडीचे काय झाले असेल, ते तुम्हीच ताडा.

शहराची गटारे खाडीत गेली. कारखान्यांचे पाणी गेले. राडारोडा काठावर पडला. मासळी कमी झाली. एक म्हातारे कोळीदादा आम्हाला म्हणाले, "गुरुजी, पूर्वी जाळं ओढताना हात दुखायचे. आता जाळं रिकामं येतं, म्हणून मन दुखतं." रस्ता झाला, गाडी झाली, त्याचा फायदा लाखोंना मिळाला. पण त्याची किंमत कोणी दिली? ज्याचे तोंड अजून खाडीकडे आहे, त्याने दिली.

आगगाडी वाईट, रस्ता वाईट, असे आम्ही म्हणत नाही. दवाखाना, शाळा, नोकरी हे सारे या वाटांनीच आले. आमचे म्हणणे इतकेच, की तोंड फिरविले तरी पाठीकडे बघायला विसरू नये.

खाडीच्या काठी तिवरांचे रान आहे. तिवर हे खाऱ्या चिखलात वाढणारे झाड. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळे खुंट्यांसारखी वर येऊन श्वास घेतात. या मुळांत माशांची आणि कोलंबीची पिल्ले वाढतात. उधाणाच्या लाटांचा जोर तिवरे मोडतात आणि काठाची माती धरून ठेवतात. तिवर तोडले, भराव घातला, की पाण्याची जागा गेली. पाणी मग आपली जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे आपले घर!

२६ जुलै २००५ चा दिवस अजून लोक विसरलेले नाहीत. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच भरती आली. भरतीच्या वेळी नाल्याचे पाणी खाडीत उतरू शकत नाही, उलट मागे येते. मुंबईत आणि आसपास शेकडो माणसे गेली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडायला मनाई केली.

आता चांगली गोष्ट सांगतो. ठाण्याच्या खाडीत थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी येतात. त्यांचे पाय लांब, मान वाकडी आणि पंखांवर गुलाबी रंग असतो. हजारोंच्या थव्यांनी ते चिखलात उतरतात. ओहोटीच्या चिखलातले बारीक जीव आणि शेवाळ हे त्यांचे अन्न. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ऐरोलीच्या दक्षिणेकडचा खाडीचा भाग या पक्ष्यांसाठी राखून ठेवला. २०२२ साली त्याला जगातल्या मोलाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. या यादीला रामसर यादी म्हणतात. इराण देशातल्या रामसर गावी १९७१ साली त्याबद्दल अनेक देशांचा करार झाला, म्हणून हे नाव.

आणि कोपरीत महानगरपालिकेचे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. अशा केंद्रात घाण पाणी आधी जाळीतून गाळतात. मग हौदात निवू देतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग त्यात हवा सोडतात. हवेने उपयोगी जंतू वाढतात आणि ते घाण खाऊन टाकतात. एवढे झाल्यावर मगच पाणी खाडीत सोडायचे असते. जितके पाणी असे शुद्ध होऊन जाईल, तितका खाडीचा जीव वाचेल. पण प्लास्टिकची पिशवी जंतू खात नाहीत. ती टाकायची की नाही, हे आपल्याच हातात आहे.

तुमच्या गावाचे तोंड

कोपरीची हकिगत संपली. ही एका कोपरीची नाही. तुमच्या गावाजवळून नवी सडक जाईल. फाटा पडेल, पूल होईल. जुना पार ओस पडेल, आणि फाट्यावर चहाची दुकाने लागतील. गावाचे तोंड फिरेल. ते फिरणे कोणाला थांबविता येत नाही, आणि थांबवूही नये. पण त्या वेळी गावकऱ्यांनी ग्रामसभेत बसून तीन प्रश्न विचारावेत. नव्या वाटेने कोणाला फायदा होणार? कोणाचा धंदा बसणार, आणि त्याची सोय काय? आणि गावाची पाठ ज्या बाजूला होणार, तिथली नदी, तळे, विहीर कोण सांभाळणार?

हे प्रश्न तोंडी विचारून भागत नाही. ते कागदावर लिहा आणि खाली सह्या करा. तुम्हाला आता लिहिता येते. तांब्यावर कोरलेल्या चार ओळी हजार वर्षे टिकल्या. तुमच्या ग्रामसभेच्या वहीतल्या चार ओळी निदान तुमच्या नातवापर्यंत टिकोत.

आज हे करून पाहा

१. काडी घेऊन मातीत आपल्या गावाचा नकाशा काढा. नदी, रस्ता, शाळा आणि विहीर दाखवा.

२. गावातल्या एका जुन्या जागेचे नाव घ्या. ते नाव का पडले, ते म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत लिहा.

३. तुमच्या आजोबांच्या वेळी गावाचे तोंड कुणीकडे होते? आज कुणीकडे आहे? तीन ओळी लिहा.

४. गावाच्या पाठीमागे काय आहे, ते एकदा चालत जाऊन बघून या.